ग्रीक शिल्पांतील पुरुषदेहाचा आदर्श

प्राचीन ग्रीस देशाचें नांव काढलें कीं सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें बहुधा एक चित्र उभें राहतें. कमरेंत वांकलेला, उजवा हात मागें ताणलेला, थाळी फेंकण्याच्या पवित्र्यांत क्षणभर थबकलेला असा तो नग्न तरुण शालेय पुस्तकांतून आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. मायरॉन नांवाच्या शिल्पकारानें ख्रिस्तपूर्व ४५० च्या सुमारास हा पुतळा ब्राँझमध्यें ओतला. अंगाचा प्रत्येक स्नायु ताणलेला आहे. परंतु चेहऱ्याकडे पाहावें तर तेथें श्रमाची एक रेषाहि दिसत नाहीं. पाहणाराच्या मनांत साहजिकच येतें, हा तरुण होता तरी कोण?

या प्रश्नाचें उत्तर असें कीं, हें कोणा एका माणसाचें चित्रच नव्हे. माणूस कसा असावा याविषयीं एका समाजानें मनाशीं ठरविलेलें तें माप आहे. हें माप कसें तयार झालें, त्यांत कोण बसत होतें, कोण बसत नव्हतें, आणि तें केवळ माप आहे याचा पुढील पिढ्यांस विसर पडला तेव्हां काय अनर्थ झाला, याचा थोडक्यांत विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

ख्रिस्तपूर्व सातव्या शतकांत ग्रीक व्यापारी आणि भाडोत्री सैनिक ईजिप्त देशांत मोठ्या संख्येनें जाऊं लागले. नाईल नदीच्या मुखाकडील प्रदेशांत नॉक्रॅटिस येथें त्यांची वसाहत झाली. त्या देशांतील देवळांतून त्यांनीं दगडाचे प्रचंड पुतळे पाहिले. डावा पाय पुढें, हात दोन्ही बाजूंस सरळ सोडलेले, मुठी आवळलेल्या आणि दृष्टि नाकासमोर, अशी त्यांची ठेवण असे. हीच ठेवण ग्रीक शिल्पकारांनीं उचलली आणि आपल्या बेटांवरील संगमरवरांत तरुण पुरुषांचे उभे पुतळे घडविण्यास आरंभ केला. या पुतळ्यांस अभ्यासक 'कूरॉस' म्हणतात. कूरॉस म्हणजे तरुण. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांत ख्रिस्तपूर्व ५९० च्या सुमाराचा असा एक पुतळा आहे. त्याच्या अंगाचीं मापें ईजिप्शियन शिल्पकारांच्या चौकटींच्या मापाशीं पुष्कळ अंशीं जुळतात.

परंतु उसनवारी येथेंच संपते. ईजिप्तचा शिल्पकार पुतळ्याच्या पाठीशीं दगडाचा खांब ठेवी आणि दोन पायांमधील दगडहि बहुधा तसाच राहूं देई. ग्रीक शिल्पकारानें तो सगळा दगड काढून टाकला आणि आपला तरुण त्याच्या स्वतःच्या दोन पायांवर उभा केला. ईजिप्तचा पुरुष कमरेस वस्त्र नेसलेला असे. ग्रीक तरुण पूर्ण नग्न आहे. हे दोन्ही फरक दिसण्यांत लहान वाटले तरी त्यांतूनच पुढील दोन शतकांचें शिल्प उगवलें.

नग्नतेचा हा प्रकार आपणांस चमत्कारिक वाटेल. पण त्याचें मूळ ग्रीकांच्या तालमींत आहे. 'जिम्नॅशियम' हा शब्दच मुळीं 'जिम्नॉस' म्हणजे नग्न या शब्दापासून निघाला आहे. ग्रीक नागरिक अंगास ऑलिव्हचें तेल चोळून उघड्या अंगानें कुस्ती खेळे, धांवे, थाळी फेंके. आणि व्यायाम आटोपल्यावर धातूच्या वांकड्या पट्टीनें तेल, घाम व धूळ खरवडून काढी. थ्युसिडिडीस हा इतिहासकार सांगतो कीं, उघड्या अंगानें व्यायाम करण्याची चाल प्रथम स्पार्टाच्या लोकांनीं पाडली. आणि इराणी वगैरे परकीयांत तसें करणें लाजिरवाणें मानीत, ही गोष्ट ग्रीकांना आपल्या वेगळेपणाची खूण वाटे. युद्धप्रसंगीं हाच नागरिक ढाल घेऊन रांगेंत उभा राही. त्याच्या देहाची तयारी ही केवळ त्याची खासगी बाब नसून नगराची ठेव होती. 'सुंदर' आणि 'सज्जन' हे दोन शब्द जोडून त्यांनीं एकच शब्द बनविला होता, आणि प्रतिष्ठित नागरिकाचें वर्णन ते त्या शब्दानें करीत. जो देखणा तो चांगला, हें समीकरण त्या शब्दांतच दडलेलें होतें. पुढील विवेचनाच्या दृष्टीनें हें समीकरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां या तरुणांचे चेहरे पाहूं. हिरोडोटस एक कथा सांगतो. आर्गॉस नगरांतील एका बाईस हेरा देवीच्या उत्सवास जावयाचें होतें. गाडीचे बैल वेळेवर आले नाहींत, तेव्हां तिचे दोघे मुलगे, क्लीओबिस आणि बायटन, स्वतः जूं खांद्यावर घेऊन पंचेचाळीस स्टेडियम, म्हणजे सुमारें आठ किलोमीटर, गाडी ओढीत गेले. मातेनें देवीपाशीं मागणें केलें कीं, माणसास जें सर्वोत्तम तें माझ्या मुलांस दे. मुलें देवळांत झोंपीं गेलीं तीं पुन्हां उठलीं नाहींत. आर्गॉसच्या लोकांनीं त्यांचे पुतळे डेल्फी येथें अर्पण केले. डेल्फीच्या संग्रहालयांत जे दोन बलदंड संगमरवरी तरुण आहेत, ते हेच भाऊ असें पुष्कळ पंडित मानतात. कांहींच्या मतें ते जुळे देव आहेत. मौज अशी कीं, केवळ रूपावरून हा वाद मिटवितां येत नाहीं. भाऊ असोत वा देव असोत, देह तोच.

अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ख्रिस्तपूर्व ५३० च्या सुमाराचा, जवळजवळ दोन मीटर उंचीचा असाच एक तरुण आहे. त्याचा म्हणून मानल्या जाणाऱ्या बैठकीवर लेख आहे. क्रॉयसॉस नांवाचा हा तरुण आघाडीच्या फळींत लढतांना पडला; त्याच्या थडग्यापाशीं थांबून शोक करा, असा त्या लेखाचा आशय. पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या कुटुंबानें हा पुतळा उभारला असावा. आणि तरीहि त्यांनीं आपल्या मुलाचा चेहरा मागितला नाहीं! ओठांवर तेंच ठराविक मंद स्मित, तीच रुंद छाती, तींच भरदार मांड्यांचीं गोलाईं. मुलगा आदर्शाच्या पंक्तीस बसला, यांतच त्यांचें सांत्वन होतें. रोमन ग्रंथकार प्लिनी असें नमूद करतो कीं, ऑलिंपियास जिंकणाऱ्या प्रत्येकाचा पुतळा उभारण्याची चाल होती, पण हुबेहूब प्रतिमेचा मान तीनदां जिंकणाऱ्यासच मिळे. म्हणजे स्वतःचा चेहरा ही कष्टानें मिळवावयाची गोष्ट होती. आदर्श देह मात्र प्रत्येक विजेत्यास आपोआप मिळे.

ख्रिस्तपूर्व ४८० मध्यें इराणच्या झर्क्सीस राजानें अथेन्स जाळलें. त्याच काळाच्या आसपासचा एक लहानसा संगमरवरी मुलगा अथेन्सच्या गडावर सांपडला. धड १८६५ मध्यें मिळालें आणि मस्तक १८८८ मध्यें. क्रिटिअस या शिल्पकाराच्या नांवानें तो ओळखला जातो. उंची अवघी एक मीटर सतरा सेंटिमीटर. परंतु शिल्पाच्या इतिहासांत याच्याएवढा मोठा टप्पा क्वचितच सांपडेल. या मुलानें अंगाचा भार एका पायावर टाकला आहे. दुसरा पाय गुडघ्यांत सैल आहे. त्यामुळें एका बाजूचें कंबर किंचित् उचललें गेलें आहे आणि मान थोडी वळली आहे. ओठांवरील ठराविक स्मितहि गेलें आहे. आतां दगडाचा माणूस नुसता उभा नाहीं. तो आपल्या इच्छेनें उभा आहे, असें वाटतें.

यानंतरचें नांव पॉलिक्लीटसचें. हा आर्गॉसचा ब्राँझकार. ख्रिस्तपूर्व ४४० च्या सुमारास त्यानें भालाधारी तरुणाचा पुतळा केला आणि त्यामागील नियम सांगणारा 'कॅनन', म्हणजे मानदंड, या नांवाचा ग्रंथ लिहिला. ग्रंथ नष्ट झाला. पण दुसऱ्या शतकांतील वैद्य गेलन यानें त्याचें सार सांगितलें आहे. सौंदर्य हें एकेका अवयवांत नसून अवयवांच्या परस्परप्रमाणांत आहे: बोटाचें बोटाशीं, सर्व बोटांचें तळहाताशीं व मनगटाशीं, त्यांचें पुढच्या हाताशीं, आणि पुढच्या हाताचें दंडाशीं. आपल्या शिल्पशास्त्रांत 'ताल' हें माप धरून मूर्तीची उंची ठरवितात, त्यावरून या विचाराची कल्पना श्रोत्यांस सहज येईल. भालाधाऱ्याची एक उत्तम संगमरवरी प्रतिकृति पाँपेई येथें सांपडली. ती नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. उजवा पाय भार घेतो, तर उजवा हात मोकळा. डावा पाय मोकळा, तर डाव्या हातीं भाला. ताण आणि विश्रांति यांची अशी तिरपी सांगड घातल्यानें पुतळा स्थिर असूनहि चालतां वाटतो.

पण शंभर तगडे जवान उभे करून त्यांचीं मापें घेतलीं, तरी असा एक माणूस हातीं लागणार नाहीं. कमरेच्या दोन्ही बाजूंस स्नायूंची जी ठसठशीत कड या पुतळ्यांत दिसते, तेवढी ती जिवंत देहांत कोठेंहि दिसत नाहीं. निसर्गांत विखुरलेलें एकत्र आणून शिल्पकारानें गणितानें तें जुळविलें आहे. आणि हें गणितहि अचल नव्हतें. पुढें शंभर वर्षांनीं लिसिपस या शिल्पकारानें मस्तक लहान केलें, अंग सडपातळ केलें आणि उंची मस्तकाच्या सातपटीऐवजीं सुमारें आठपट केली. अंग खरवडणाऱ्या मल्लाचा त्याचा पुतळा प्रसिद्ध आहे. त्याची प्रतिकृति १८४९ मध्यें रोममध्यें सांपडली. त्याचें म्हणणें असें सांगतात कीं, पूर्वीच्यांनीं माणसें जशीं असतात तशीं केलीं, मी तीं जशीं भासतात तशीं करतों. एका शतकांत आदर्श बदलला! जी गोष्ट शतकागणिक बदलते तिला निसर्गाची आज्ञा म्हणतां येणार नाहीं. तो एका कलावंताचा, एका पिढीचा निर्णय होय.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मायरॉन, पॉलिक्लीटस व लिसिपस यांनीं स्वतः ओतलेल्या पुतळ्यांपैकीं निःसंशय त्यांचा म्हणावा असा एकहि आज उरलेला नाहीं. ब्राँझ ही मोलाची धातु. नंतरच्या शतकांत पुतळे वितळवून तिचीं भांडीं, शस्त्रें व नाणीं केलीं गेलीं. आपण पाहतों त्या बहुतेक रोमन काळांत केलेल्या संगमरवरी प्रतिकृति. मूळचें ब्राँझ वांचलें तें मुख्यतः समुद्राच्या पोटांत. १९७२ मध्यें इटलीच्या दक्षिण टोंकास रिआचे गांवाजवळ दोन योद्धे पाण्यांतून वर आले. त्यांचे ओठ तांब्याचे आहेत, आणि एकाचे दांत चांदीचे आहेत! संगमरवरी पुतळेहि पांढरे नव्हते. केस, डोळे, ओठ, वस्त्रें यांवर रंग दिलेला असे. त्याचे अवशेष अभ्यासकांस सांपडले आहेत, आणि २००३ मध्यें म्यूनिक येथें अशा रंगीत प्रतिकृतींचें प्रदर्शनहि भरलें होतें. पांढरा, शांत, निर्विकार ग्रीक देह ही बऱ्याच अंशीं काळानें केलेली करामत आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. या मापांत कोण बसत नव्हतें?

पहिला गुलाम. अथेन्सचा कायदेकर्ता सोलन याच्या नांवावर एक कायदा सांगतात. गुलामानें तालमींत व्यायाम करूं नये, अंगास तेल लावूं नये. म्हणजे देह कमावण्याची वाटच प्रथम बंद करावयाची आणि मग त्याच्या देहाकडे बोट दाखवून त्यास हीन ठरवावयाचें! अॅरिस्टॉटलनें लिहिलें आहे कीं, स्वतंत्र माणसाचा देह ताठ आणि गुलामाचा देह कष्टास योग्य असा भेद करण्याची निसर्गाची इच्छा असते. पण लगेच त्यास कबूल करावें लागलें कीं पुष्कळदां याच्या उलट घडतें. त्या एका कबुलीनें सगळें समीकरण ढांसळतें.

दुसरा कारागीर. झेनोफनच्या एका ग्रंथांत असें म्हटलें आहे कीं, दिवसभर बसून वा भट्टीपुढें राहून करावयाच्या धंद्यांनीं देह बिघडतो आणि देहाबरोबर मनहि दुबळें होतें. श्रोतेहो, विचार करा. ब्राँझकाराचें काम भट्टीपुढचेंच! पुढें प्लुटार्कनें तर स्पष्टच लिहिलें कीं, ऑलिंपियाचा झ्यूस वा आर्गॉसची हेरा पाहून कोणा कुलीन तरुणास आपण फिडिअस वा पॉलिक्लीटस व्हावें असें वाटत नाहीं. ज्यानें आदर्श देह निर्माण केला, त्याचा स्वतःचा घामेजलेला, काजळलेला देह त्या आदर्शाच्या बाहेर राहिला. ग्रीकांच्या पुराणांत याची खूण आहे. सर्व देवांत कारागीर देव एकच, हेफीस्टस. आणि तोच तेवढा लंगडा. अकिलीसची अलौकिक ढाल त्याच्याच हातची. पण तो लंगडत चालूं लागला म्हणजे बाकीचे देव हंसत.

तिसरा कुरूप माणूस. होमरच्या काव्यांत थर्सिटीस नांवाचा एक सैनिक आहे, वांकड्या पायांचा व कुबड आलेला. भर सभेंत तो सेनापतीचा लोभ उघड करतो. थोड्याच वेळापूर्वीं देखण्या अकिलीसनें बहुतेक हेंच म्हटलें होतें. पण अकिलीसचें बोलणें वीराचें ठरतें, आणि थर्सिटीसच्या पाठीवर राजदंडाचा फटका बसतो व सैन्य खो खो हंसतें. बोल तेच, देह निराळा.

परंतु याच भूमींत या मापाविरुद्धहि आवाज उठला. झेनोफनीज या कवि-तत्त्वज्ञानें मल्लांच्या सत्कारावर टीका केली कीं, कुस्ती जिंकल्यानें नगराचा कारभार सुधारत नाहीं. बळापेक्षां शहाणपण श्रेष्ठ. आणि मग आला सॉक्रेटीस, चपट्या नाकाचा, बटबटीत डोळ्यांचा. परंपरा सांगते कीं तो पाथरवटाचा मुलगा. झेनोफननें रंगविलेल्या एका मेजवानींत तो क्रिटोब्यूलस या देखण्या तरुणाशीं सौंदर्याची पैज लावतो. डोळे पाहण्यासाठीं असतील तर माझे बाहेर आलेले डोळे बाजूचेंहि पाहतात, तेव्हां तेच अधिक सुंदर, असा त्याचा युक्तिवाद! मतें पडलीं तीं सगळीं क्रिटोब्यूलसला. पण आज आपण नांव घेतों तें सॉक्रेटीसचें. दुसऱ्या एका प्रसंगीं तो क्लीटन नांवाच्या शिल्पकाराशीं बोलतांना सुचवितो कीं, मूर्तींत अंतःकरणाचे व्यापार दिसले पाहिजेत. देह मोजणाऱ्या कलेस मनाची आठवण करून देणारें हें सूत्र होतें.

पुढील काळानें मात्र सूत्र विसरून माप तेवढें धरलें. अठराव्या शतकांत विंकेलमान या जर्मन पंडितानें ग्रीक शिल्पाचा गौरव सर्व युरोपभर पसरविला. त्याची रसिकता थोर. परंतु त्यानें ग्रीस देश कधीं पाहिला नाहीं, आणि त्याच्यापुढें होत्या त्या मुख्यतः रोमन प्रतिकृति. पांढऱ्या प्लास्टरचे सांचे युरोपांतील कलाशाळांतून गेले, तसे ते आपल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंतहि आले, आणि आपल्याकडील विद्यार्थ्यांनींहि त्यांवरून हात बसविला. तोंवर चिंता नव्हती. पण १९३८ सालीं हिटलरनें मायरॉनच्या थाळीफेक्याची रोममधील उत्कृष्ट प्रतिकृति विकत घेऊन म्यूनिकला नेली. त्याच वर्षीं बर्लिनच्या १९३६ च्या ऑलिंपिक सामन्यांवरील एक चित्रपट प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रारंभीं हाच पुतळा विरघळून त्यांतून जिवंत जर्मन खेळाडू प्रकट होतो. दगडाचें माप आतां हाडामांसाच्या माणसांस लावावयाचें ठरलें होतें. याच राजवटीनें १९३३ मध्यें आनुवंशिक व्यंगाच्या सबबीखालीं लोकांस सक्तीनें निर्बीज करण्याचा कायदा केला, आणि १९३९ पासून अपंग व मनोरुग्ण माणसांस पद्धतशीरपणें ठार मारिलें. पुतळा १९४८ मध्यें इटलीस परत मिळाला. माणसें परत मिळालीं नाहींत.

हा दोष मायरॉनचा नव्हे, पॉलिक्लीटसचाहि नव्हे. प्रमाणबद्ध देहाचें सौंदर्य पाहून आनंद होणें हें निरोगी मनाचें लक्षण आहे, आणि व्यायामानें देह कमावणें हें तर प्रत्येक तरुणाचें कर्तव्य आहे. दोष आहे तो कलेच्या मापानें माणसाची योग्यता मोजण्याचा. मी जन्मभर मास्तरकी केली. बाकावर बसलेल्यांत कोणाचा पाय लुळा, कोणाची दृष्टि अधू, कोणी पोटाला पुरेसें न मिळाल्यानें वाळलेला. आणि त्यांच्यांतच कोणी बुद्धीचा, कोणी हाताचा, कोणी मनाचा असा कीं तालमींतल्या गड्यानें त्यापुढें मान लववावी. कोणत्याहि एका मानदंडानें हा वर्ग मोजतां आला नसता.

रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयांत जेथें तो परत आलेला थाळीफेक्या उभा आहे, त्याच इमारतींत १८८५ मध्यें रोममध्येंच सांपडलेला एक ब्राँझचा मुष्टियोद्धा बसलेला आहे. तो थाळीफेक्याच्या मूळ काळानंतर कित्येक पिढ्यांनीं घडविलेला. अंग अजून भरदार आहे. पण नाक मोडलेलें, कान सुजून गोळा झालेले, हातांस चामड्याचे पट्टे गुंडाळलेले, आणि जखमांतून ठिबकणारें रक्त तांब्याच्या तुकड्यांनीं दाखविलेलें. थकून बसला आहे आणि मान वळवून कोणाकडे तरी पाहतो आहे. त्याच्या चेहऱ्यावर मायरॉनच्या तरुणाची शांति नाहीं; परंतु त्याच्यापुढें उभें राहिलें असतां, हा कोण, असें विचारावें लागत नाहीं. तो मार खाल्लेला एक माणूस आहे, हें लगेच कळतें. आदर्श देह घडविण्यांत ज्यांची बरोबरी कोणी केली नाहीं, त्याच कलापरंपरेनें अखेर हाहि देह शिल्पास योग्य मानला. ग्रीकांचें कौतुक करतांना आपण या दुसऱ्या पुतळ्यास विसरूं नये, इतकेंच सुचवून मी आपली रजा घेतों.